बाळाच्या अंगावरची गाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करताना "गाठ" हा शब्द मी रोज ऐकते, पण दर वेळी तो वेगळ्या नावानं येतो. रामबागेतल्या आजी "आवाळू" म्हणतात, सुदामानगरातला बाप "गठान" म्हणतो, खरगोनहून आलेल्या चिठ्ठीवर "रसौली" असतं आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "सॉफ्ट टिश्यू मास". चौघेही बहुधा एकाच निरुपद्रवी गोष्टीबद्दल बोलत असतात, पण हा चौथा शब्द वाचला की घरात रडारड सुरू होते. त्या रडारडीतून आलेले प्रश्न इथे आहेत. बाळ समोर असल्याशिवाय निदान होत नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

गाठ म्हणजे कॅन्सर का? तेवढं आधी सांगा.

बहुतेक वेळा नाही. तान्ह्या मुलांच्या कातडीत आणि तिच्याखालच्या मऊ भागात, म्हणजे चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या (अंगातला पाण्यासारखा रस वाहून नेणाऱ्या नळ्या) यांत येणाऱ्या गाठी बहुसंख्य वेळा सौम्य असतात. त्या जागच्या जागी वाढतात, शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत. रिपोर्टवर "ट्यूमर" दिसलं तरी दचकू नका. डॉक्टरी भाषेत ट्यूमर म्हणजे पेशींची जादा वाढ, एवढंच. त्याच्या मागेपुढे "बेनाइन" (सौम्य) आहे की "मॅलिग्नंट" (कर्करोगाची) ते बघायचं असतं.

"बहुतेक" हा शब्द मात्र मी विचार करून वापरते. मुलांना मऊ भागाचा कर्करोग होतो, क्वचित होतो, पण होतो. रॅब्डोमायोसार्कोमा हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा. कोणत्या गाठीसाठी थांबायचं नाही, ते पुढे वेगळं लिहिलं आहे.

तपासायला येताना काय आणायचं?

बारशाचे फोटो. थट्टा करत नाही. गाठ केवढी आहे ते मला दिसतंच. ती कधी आली आणि किती वेगानं वाढली, हे मला दिसत नाही, आणि अर्धं निदान तिथेच असतं. आई म्हणते "जन्मापासून आहे", आजी म्हणतात "छे, परवा दिसली", आत्याचं तिसरंच काही असतं. मग मोबाईलमधले बाराव्या दिवशीचे फोटो काढून बघायचे. त्यात गाल साफ असेल आणि सव्वा महिन्याच्या फोटोत लाल ठिपका असेल, तर वाद मिटला.

यापुढे आठवड्यातून एक फोटो काढा: तोच उजेड, तेच अंतर, शेजारी दहा रुपयांचं नाणं. रोज बोटानं चाचपू नका. रोज चाचपलेली गाठ रोज मोठी वाटते.

जन्मल्यावर काही नव्हतं, तिसऱ्या आठवड्यात कुंकवाच्या टिकलीएवढा लाल डाग आला आणि आता तो फुगतोय. हे काय?

हे वर्णन बहुधा हिमँजिओमाचं असतं. ही बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ. तान्ह्या मुलांमधली सर्वांत जास्त आढळणारी सौम्य गाठ हीच, साधारण शंभरात चार-पाच बाळांना होते. मुलींना जास्त, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जास्त. जन्मताना काहीच नसतं किंवा एखादा फिकट डाग असतो, ओरखड्यासारखा. मग दोन-तीन आठवड्यांत तो डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होतो. गाठ खोलवर असेल तर वर लाली दिसत नाही, नुसता निळसर मऊ फुगवटा दिसतो, आणि मग "मार लागला असेल" म्हणून महिना जातो.

हिचं वागणं ठरलेलं असतं. सर्वांत वेगानं ती वाढते पाचव्या ते आठव्या आठवड्यात. तीन महिन्यांपर्यंत बहुतेक मुलांत शेवटच्या आकाराच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोहोचलेली असते. मग वाढ मंदावते. वर्षाच्या आसपास मधोमध राखाडी रंग यायला लागतो आणि ती हळूहळू विरत जाते. बरीचशी ओसरण चार वर्षांपर्यंत होऊन जाते.

जन्मतःच पूर्ण वाढलेली लाल-जांभळी गाठ असेल तर ती वेगळी जात. तिच्यातला एक प्रकार वर्षा-सव्वा वर्षात आपोआप जातो, दुसरा कधीच जात नाही. म्हणून पुन्हा तेच: जन्माच्या दिवशीचा फोटो.

सूनबाईंनी ग्रहण पाळलं नाही, त्याचा डाग आहे का?

नाही. ग्रहणाचा, बीट किंवा टोमॅटो खाण्याचा, गरोदरपणी घाबरण्याचा, डोहाळे न पुरवण्याचा या गाठीशी काही संबंध नाही. हा प्रश्न विचारला जातो तेव्हा सून शेजारीच बसलेली असते, मान खाली घालून. म्हणून उत्तर मी मोठ्यानं देते.

आपोआप जाणार, तर औषध कशाला?

हा प्रश्न योग्य आहे. पाठीवर, पोटावर, मांडीवर लहानसा हिमँजिओमा असेल तर मी स्वतःच सांगते, काही करू नका, फोटो काढत राहा. पण "आपोआप जाते" हे वाक्य जितकं खरं तितकंच घातक. गाठ जाते, तिनं केलेलं नुकसान जात नाही. पापणीवरच्या गाठीनं बाळाचा डोळा दोन-तीन महिने झाकला किंवा बुबुळावर दाब दिला, तर त्या डोळ्याची नजर मेंदू शिकतच नाही. पुढे गाठ विरली तरी डोळा मंद राहतो. नाकाच्या शेंड्यावरची गाठ आतलं कूर्चेचं हाड वाकडं करते. ओठावरची आणि लंगोटाच्या जागेवरची चिघळते, दूध पिताना आणि शी-शू करताना बाळ कळवळतं. मोठी, उंच गाठ विरल्यावर तिथे सैल कातडी, चरबीचा उंचवटा किंवा लाल जाळी उरते. दंडावर चालेल, गालावर आयुष्यभर दिसेल.

काही जागा आतल्या गोष्टींची खूण असतात. हनुवटी, जबडा आणि मानेचा पुढचा भाग, म्हणजे पुरुषांना जिथे दाढी येते तो पट्टा, तिथे हिमँजिओमा असेल आणि बाळाचा आवाज घोगरा झाला किंवा श्वास घेताना घर्रघर्र आवाज येऊ लागला, तर श्वासनलिकेतही गाठ असू शकते. अंगावर पाच किंवा जास्त ठिपके असतील तर यकृताची सोनोग्राफी करायची. चेहऱ्याचा मोठा भाग व्यापणारा पट्टा असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे तपासायचे. कमरेच्या खाली मधोमध असेल तर मणक्याची तपासणी.

औषधाचा उपयोग सर्वांत जास्त होतो तो वाढीच्या काळात, आणि वाढीचा काळ पहिल्या तीन महिन्यांत बराचसा संपून जातो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत धोक्याच्या जागेवरचा हिमँजिओमा महिन्याच्या आसपासच तज्ज्ञाला दाखवा असं म्हटलं, ते याच हिशेबानं. आपल्याकडे गाठ दिसते तिसऱ्या आठवड्यात. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही, मग कुणीतरी म्हणतं की अडीच महिन्यांच्या लसीला जाऊच तेव्हा दाखवू. तोवर गाठीनं आपलं काम उरकलेलं असतं. सव्वा महिन्याची प्रथा मोडायची नसेल तर निदान फोटो पाठवा.

एवढ्याशा बाळाला बीपीची गोळी?

हो, प्रोप्रानोलॉल. मोठ्यांना ते रक्तदाबासाठी आणि हृदयाचे ठोके कमी करायला देतात. हिमँजिओमावर ते चालतं हे कळलं योगायोगानं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ या त्वचारोगतज्ज्ञ एका मुलाच्या नाकावरच्या हिमँजिओमाला तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे स्टेरॉइड देत होत्या. मुलाच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून हृदयासाठी प्रोप्रानोलॉल सुरू केलं. दुसऱ्या दिवशी लालभडक गाठ जांभळी पडून मऊ झाली होती. २००८ मध्ये त्यांनी हे अकरा मुलांच्या अनुभवासह छापलं आणि जगभरची पद्धत बदलली. २०१४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी त्याच्या तोंडी द्रावणाला अधिकृत मान्यताही मिळाली. मी शिकत होते तेव्हा पुस्तकात स्टेरॉइडच होतं. गालफुगी, चिडचिडी बाळं अजून आठवतात.

डोस इथे लिहीत नाही, कारण तो वजनावर ठरतो, वजन वाढेल तसा बदलतो, आणि शेजारणीच्या बाळाचा डोस तुमच्या बाळाला लावला तर अनर्थ होईल. सुरू करण्याआधी हृदय, छाती आणि वजन तपासतात. खूप लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पहिले डोस दवाखान्यात ठेवून देतात. औषध साधारण सहा महिने तरी चालतं, कधी वर्षाचं होईपर्यंत. मध्येच बंद केलं तर काही मुलांत गाठ परत उसळते.

घरी पाळायचा नियम मात्र पाठ करा: पोटात दूध नसेल तर औषध नाही. हे औषध रक्तातली साखर खाली आणू शकतं. बाळ उलट्या करतंय, तापानं दूध पीत नाही, जुलाब आहेत, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचं आहे, अशा वेळी डोस टाळायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. रात्री बाळ सलग झोपलं तरी उठवून पाजायचं, किती तासांनी ते वयानुसार डॉक्टर सांगतील. छाती वाजायला लागली तरी डोस थांबवायचा. बाळ थंडगार पडलं, घामेजलं, सुस्त झालं, थरथरू लागलं, तर शुद्धीत असेल आणि गिळत असेल तोवर लगेच पाजा आणि दवाखान्याकडे निघा. रात्रीची झोप चाळवणं, हातपाय थोडे गार लागणं हे मात्र बऱ्याच बाळांत दिसतं. त्याला घाबरू नका, पण सांगा.

लावायचे थेंब मिळतात म्हणे?

टिमोलॉल. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचं औषध, पातळ आणि लहान हिमँजिओमावर लावतात. खोल गाठीवर उपयोग नाही. चिघळलेल्या जागेवर स्वतःच्या मनानं लावू नका, जखमेतून ते रक्तात जास्त जातं.

गाठीतून रक्त आलं तर?

स्वच्छ सुती कापड ठेवून दहा मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही. बहुतेक वेळा थांबतं. न थांबल्यास तसंच दाबून धरत दवाखान्यात या. जखम झाली असेल तर हळद, कॉफी, चुना, तंबाखू काहीही लावायचं नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला बाळाला राजवाड्यावर नेण्याची इंदूरकरांची हौस मला ठाऊक आहे, मलाही ती होती. उघड्या जखमेवर तो रंग नको.

आमच्या मुलाचा गालावरचा लाल डाग जन्मापासून सपाट आहे, वाढत नाही आणि कमीही होत नाही.

मग तो बहुधा हिमँजिओमा नव्हे, केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांची जन्मजात घडण आहे. तो मुलाबरोबर मोठा होतो आणि आपोआप जात नाही. वाट बघण्यात अर्थ नाही. लेझरनं तो फिकट होतो. कपाळावर किंवा पापणीवर असेल तर डोळ्याचा दाब आणि मेंदू यांची तपासणी आधी.

डाव्या काखेत बोराएवढी गाठ आली आहे. घरात कुणालाही टीबी नाही.

टीबी असण्याची गरजही नाही. बाळाचा डावा दंड बघा. जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीच्या लसीचा फोड किंवा वण तिथे असतो. लसीतले अशक्त केलेले जंतू जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचतात आणि ती फुगते. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येतं ना, तसंच हे लसीचं अवधाण. लसीनंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत दिसतं. बाळ खेळतं, पितं, वजन वाढतं, ताप नसतो.

गाठ कडक, हलती आणि वरची कातडी साधी असेल तर काहीही करायचं नाही. काही आठवडे ते काही महिने घेऊन ती आपली आपण जाते. टीबीची औषधं देऊन ती लवकर जात नाही. तरी मला दर वर्षी अशी दोन-चार बाळं भेटतात ज्यांना "खबरदारी म्हणून" ती सुरू केलेली असतात. गाठ मऊ पडली, वरची कातडी लाल-पातळ झाली, तर आत पू झालेला असतो. तो सुईनं ओढून काढतात. चीरा देत नाहीत, कारण चिऱ्याची जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. शेक, पोटीस, एरंडाचं पान, काहीही नको.

गाठीबरोबर न उतरणारा ताप, घटतं वजन, तोंडात सतत पांढरी बुरशी असं काही असेल तर बाळाची प्रतिकारशक्ती तपासावी लागते. हे क्वचित, पण विसरायचं नाही.

तीन आठवड्यांच्या बाळाच्या मानेत बाजूला कडक गाठ, आणि मान एकाच बाजूला कलते. मालिशवाल्या बाईनं मुरगळली का?

बाईंवर आळ घेऊ नका, निदान या एका बाबतीत. कानामागून छातीच्या हाडाकडे जाणाऱ्या मानेच्या स्नायूत ही गाठ होते. डोकं गाठीच्या बाजूला झुकतं आणि हनुवटी उलट्या बाजूला वळते. अडलेल्या किंवा पायाळू बाळंतपणानंतर जास्त दिसते. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जाणवते, थोडी वाढते, मग सहा महिने ते वर्षात विरते. सोनोग्राफीत निदान पक्कं होतं, सुई घालायची गरज नसते.

इथे औषध म्हणजे व्यायाम. फिजिओथेरपिस्टकडून मान ताणायची पद्धत शिकून घ्या आणि दिवसातून अनेकदा करा. लवकर सुरू केलेल्या बहुतेक मुलांची मान सरळ होते, ऑपरेशनपर्यंत वेळ येत नाही. घरात पाळणा फिरवून ठेवा, म्हणजे दार, उजेड, आई, खुळखुळा सगळं त्या बाजूला येईल जिकडे बाळ वळायला कंटाळतं. जागेपणी पोटावर निजवा, तुमच्या डोळ्यांसमोर. आणि बाळाचे खुबे तपासून घ्या. मान कललेल्या बाळांत खुब्याचा सांधा कच्चा असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मालिशवाल्या बाईंना एवढंच सांगा: गाठीवर रगडायचं नाही.

मानेची गाठ पाण्याच्या फुग्यासारखी मऊ आहे, टॉर्च लावला की उजळते.

लसिकावाहिन्यांची पिशवी. बहुतेक मुलांत जन्मतः किंवा दोन वर्षांच्या आत दिसते. सर्दी-खोकल्यात ती एकदम दुप्पट होऊ शकते, म्हणून नातेवाईक "फुटेल" म्हणून घाबरतात. फुटत नाही. पण जिभेखाली किंवा गळ्यात पसरलेली असेल आणि बाळाला श्वास किंवा दूध घेणं जड जात असेल तर त्याच क्षणी रुग्णालय. बऱ्याच पिशव्यांत ब्लिओमायसिनसारखं औषध सुईनं सोडून त्या आक्रसवतात. अवघड गुंतागुंतीत सिरोलिमस नावाचं औषध देतात. मुळापासून कापून काढणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण चेहऱ्याच्या आणि हाताच्या नसा त्याच गुंत्यातून जातात.

डोक्याच्या मागे, मानेवर शेंगदाण्याएवढ्या हलत्या गाठी?

लसिकाग्रंथी. उवा, डोक्यातले फोड, सर्दी, किडका दात यामुळे फुगतात आणि सुदृढ मुलांतही हाताला लागतात. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, सहा आठवडे न घटणारी, किंवा गळ्याच्या हाडाच्या वर आलेली ग्रंथी मात्र दाखवायची. आपल्या देशात टीबीचा विचार करावाच लागतो.

नवजात बाळाची छाती सुजली आहे, थोडं दूधही येतं. दाई म्हणते पिळून काढा.

पिळू नका. मुलगा असो की मुलगी, आईच्या संप्रेरकांमुळे हे होतं आणि काही आठवड्यांत जातं. पिळल्यानं जंतू आत जातात, पू होतो, चीरा द्यावा लागतो, आणि मुलीच्या बाबतीत ते नुकसान वयात आल्यावर दिसतं. या पानावरचं एकच उत्तर आजींना वाचून दाखवायचं असेल तर हे दाखवा.

नाळ पडली पण बेंबीत ओलसर लाल मांसाचा ठिपका राहिला.

बेंबीचा ग्रॅन्युलोमा. डॉक्टरांनी एकदा बघून खात्री केली की घरचं मीठ पुरतं: चिमूटभर बारीक मीठ ठिपक्यावर ठेवायचं, वर स्वच्छ कापडाची पट्टी, दहा ते तीस मिनिटांनी धुऊन कोरडं करायचं, दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस. ठिपका सुकून गळतो. गेला नाही, गुळगुळीत लालभडक राहिला, किंवा बेंबीतून शी अथवा लघवीसारखं काही पाझरलं, तर आत आतड्याशी किंवा मूत्राशयाशी वाट उरलेली असू शकते. ते ऑपरेशनचं काम.

बेंबी फुगून बाहेर येते तो हर्निया वेगळा. नाणं बांधून तो बंद होत नाही, कातडी मात्र सडते. बहुतेक चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजतात.

भुवईच्या टोकाशी वाटाण्याएवढी टणक गोळी आहे.

डर्मॉइड सिस्ट. गर्भात चेहऱ्याचे भाग जुळताना कातडीचा तुकडा आत अडकतो आणि तो आतल्या आत कातडीचंच काम करत राहतो: तेल, मृत पेशी, कधी केससुद्धा. ही विरत नाही, सावकाश वाढते, आपटून फुटली तर सूज येते. म्हणून वर्षाच्या आसपास सवडीनं काढतात.

हीच गोळी नाकाच्या मधोमध असेल, विशेषतः छोट्या छिद्रातून केस डोकावत असेल, तर एमआरआय झाल्याशिवाय कुणालाही सुई किंवा चाकू लावू देऊ नका. तिचं मूळ कवटीच्या आतपर्यंत गेलेलं असू शकतं.

आजोबांना पाठीवर आवाळू होतं, नातवालाही तसंच आहे. चरबीचीच गाठ ना?

आजोबांची होती म्हणून नातवाची असेल असं नाही. साधी चरबीची गाठ लहान मुलांत कमी दिसते. तीन वर्षांच्या आत, मऊ पण भराभर वाढणारी चरबीची गाठ बऱ्याचदा लायपोब्लास्टोमा असते, गर्भातल्या कच्च्या चरबीची. नाव भीतीदायक, वागणूक सौम्य. पसरत नाही. पण पूर्ण काढावी लागते, अर्धवट राहिली तर परत येते, म्हणून पुढे काही वर्षं तपासणी.

कमरेच्या खाली, मणक्याच्या मधोमध आलेलं "आवाळू" ही तर वेगळीच गोष्ट. त्यावर केसांचा झुपका, खळी किंवा डाग असेल तर ती चरबी मणक्यातल्या मज्जारज्जूला चिकटलेली असू शकते. मूल मोठं होताना रज्जू ताणला जातो आणि पाय लुळे पडणं, लघवीवरचा ताबा जाणं सुरू होतं. "चरबीच आहे, दहा मिनिटांत काढतो" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून उठा. आधी एमआरआय, मग मेंदू-मणक्याचे शल्यचिकित्सक.

बोटाच्या कडेला गुलाबी टणक गाठ आहे, काढली तर परत आली.

बोटांचा फायब्रोमा असू शकतो. अंगठा सोडून इतर बोटांवर येतो, काढला तरी परत येण्याची खोड आहे, आणि काही मुलांत आपोआप विरतो. बोट वाकडं होत नसेल तर संयम.

सुई लावली की गाठ भडकते म्हणतात.

भडकत नाही. सौम्य गाठीचा सुईनं कर्करोग होत नाही. ज्यांची गाठ आधीच वाईट होती आणि सुईनंतर ते कळलं, त्यांच्यामुळे हा समज पसरला. पहिली तपासणी सहसा डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाहही दाखवणारी) असते: किरण नाहीत, भूल नाही, बाळ आईच्या मांडीवर. हिमँजिओमा डोळ्यांनीच ओळखू येतो, बहुतेकांना तीही लागत नाही. एमआरआयला बाळ स्थिर राहावं म्हणून भूल द्यावी लागते, म्हणून तो गरजेपुरता. आणि काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी वाटली तरी, पॅथॉलॉजीच्या तपासणीला जायलाच हवी. रिपोर्ट हातात घ्या, गाठीच्या तुकड्यांच्या काचपट्ट्या आणि ते तुकडे ज्यात जपतात तो मेणाचा ठोकळा कुठे ठेवला आहे ते विचारा.

धावत कधी यायचं?

गाठ कडक आहे, खालच्या स्नायूला किंवा हाडाला चिकटल्यासारखी हलत नाही, पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली आहे, किंवा काही आठवड्यांत ठरल्यासारखी वाढते आहे (लाल हिमँजिओमा सोडून), तर त्याच आठवड्यात. गाठीबरोबर ताप, वजन घटणं, फिकटपणा, पाय ओढत चालणं असेल तर दुसऱ्या दिवशीपर्यंतही थांबू नका. जांभळी, ताणलेली, कडक गाठ आणि अंगावर निळे-लाल ठिपके असतील तर काही तासांत या. अशा एका दुर्मीळ गाठीत रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट अडकून संपतात. अशा बाळाला रस्त्यात कुठेही इंजेक्शन टोचून घेऊ नका. श्वासाला आवाज येत असेल तर अर्थातच लगेच.

केसानं बांधून, बिब्बा घालून किंवा डाग देऊन गाठ गळते का?

जखम होते. धार-झाबुआच्या बाजूनं डागलेली बाळं अजूनही येतात, आणि शहरातल्या शिकलेल्या घरांतून दोरा बांधलेली. गाठ तशीच राहते, वर भाजल्याचा वण वाढतो.

लसी देता येतात का?

हो, वेळेवर. सुई गाठीपासून दूर, दुसऱ्या मांडीत. प्रोप्रानोलॉल चालू असतानाही. फक्त बाळ जास्त मात्रेच्या स्टेरॉइडवर असेल तर काही जिवंत लसी पुढे ढकलतात.

पुण्याला मामाकडे नेऊन दाखवावं का?

इंदूर-पुणे गाडीचं तिकीट काढण्याआधी इथे दाखवा. वर लिहिलेल्या बहुतेक गाठींना पुण्यात काही वेगळं मिळणार नाही. इथल्या एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या आवारात चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे, शहरात बालशल्यचिकित्सक आहेत, त्वचारोगतज्ज्ञ आहेत. आयुष्मान कार्ड असेल तर ते सोबत घ्या आणि भरती होण्याआधी खिडकीवर विचारा, नंतर नाही. श्वासनलिकेतली गाठ, मेंदूच्या वाहिन्यांचा संशय, जिभेपर्यंत पसरलेली लसिकापिशवी अशा वेळी मी स्वतः मुंबई-पुण्याची चिठ्ठी देते. बाळ प्रोप्रानोलॉलवर असेल तर रात्रीच्या प्रवासात पाजण्याचा गजर लावा.

डोक्यावर लाल गाठ आहे. जावळ काढायचं आणि कान टोचायचे आहेत, करू का?

जावळ कात्रीनं काढा, वस्तरा नको. गाठीच्या भोवतीचे केस तसेच ठेवा, कुलदैवत समजून घेईल. टाळूवरची गाठ वस्तऱ्यानं कापली गेली तर रक्त थांबवायला न्हाव्याची तुरटी पुरत नाही. कानाच्या पाळीवर गाठ असेल तर तो कान टोचायचा नाही, सराफ्यातल्या सोनारानं कितीही सांगितलं तरी. दुसरा टोचायला हरकत नाही. फोटोत बाळ एका डुलातही छान दिसतं.